खिडकीखालचं आसन

खोलीला खिडकी एकच होती, आणि तिच्याखाली नवरा बसायचा.

उरलेल्या खोलीत ती राहायची. दारातून आत आलं की डाव्या हाताला मोरी, मोरीला लागून ओटा आणि शेगडी, शेगडीपलीकडे कपाट, आणि कपाट न् भिंत यांच्या बेचक्यात तिची खाट. खाटेवर पडलं की एका बाजूला कपाटाचं लाकूड आणि दुसऱ्या बाजूला भिंतीचा चुना. वारा तिथवर यायचा नाही. तेलाचा धूर मात्र न चुकता यायचा.

गल्लीत तिला गादीवाली म्हणत. लग्नाआधीपासून ती गाद्यांच्या कारखान्यात कापूस भरत होती. कापूस पिंजायला मशीन होतं, पुढचं सगळं हाताचं. खोळीत कापूस पसरायचा, थर बसवायचे, मग लांब सुईने टाके ओढायचे. गादीचं पोट कुणीही भरतं. कोपरे भरायला हात लागतो. कोपरा सैल राहिला की गादीत गोळे होतात आणि गिऱ्हाईक ती परत आणून टाकतं. तिची गादी कधी परत आली नाही. दिवसभर नाकातोंडात कापसाचे तंतू जायचे. सगळ्याच बाया खोकायच्या, त्यामुळे खोकला म्हणजे आजार असं कुणाला वाटत नव्हतं.

नवरा ओतशाळेत साचे करायचा. ओलसर वाळू पेटीत ठोकून बसवायची, आतला लाकडी नमुना न हलवता वर काढायचा, वरची पेटी खालच्या पेटीवर खुणेला खूण लावून ठेवायची, आणि मग त्यात तापलेला लोखंडाचा रस ओतायचा. पेटी केसभर सरकली तरी वस्तू वाकडी निघते, मग ती थेट भंगारात. त्याच्या हातचं भंगार फार कमी निघायचं. साचेवाला म्हणून त्याला मान होता. रस ओतला जात असताना तो श्वास रोखून उभा राहायचा, आणि कुणी जवळून धक्का देऊन गेलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

तो राग तो घरी घेऊन यायचा. बायकोच्या अंगाला त्याने कधी हात लावला नाही, हे ती त्याच्या बाजूने नेहमी सांगायची. पण ताट फेकायचा. आमटीसकट ताट भिंतीवर जायचं, पोरगी खाटेखाली शिरायची, आणि ही गुडघ्यावर बसून फरशी पुसायची. चुना फिरवला तरी भिंतीवरचे डाग पुन्हा वर यायचे. संध्याकाळी त्याची चप्पल जिन्यावर वाजली की ती आधी त्याच्या जबड्याकडे बघायची. जबडा आवळलेला असला की ताट वाढताना कडेला काचेऐवजी पितळेचं भांडं ठेवायची, फुटू नये म्हणून.

मग त्याची पाठ धरली. ओतशाळेतल्या कुणीतरी त्याला मास्तरांकडे नेलं. मास्तर शाळेत कवायत शिकवून रिटायर झालेले, कामगारांच्या हॉलमध्ये पहाटे योगासनं शिकवायचे. फी नाही, भगवी वस्त्रं नाहीत, अंगात जुना स्वेटर. तो पाठीसाठी गेला आणि पाठ बरी झाल्यावरही जात राहिला. एके दिवशी घरी आला तो वेगळाच चेहरा घेऊन.

"मास्तर म्हणाले, आसन हलता कामा नये," तो म्हणाला. "बाकी काही विचारायचं नाही, करत राहायचं. आसन धरलं की श्वास धरता येतो, श्वास धरला की मन."

"बरं," ती म्हणाली.

त्याने खोलीभर फिरून जागा पाहिली. ओतशाळेत पेटी मांडण्याआधी जमीन बघावी तशी, तळवा टेकून, चढ-उतार जोखून. खिडकीखालची फरशी सगळ्यात सपाट निघाली. तिनेच त्याला बसायला छोटी गादी शिवून दिली. घरी आणलेला उरलासुरला कापूस, पण निवडून घेतलेला. कोपरे असे ठासून भरले की वर्षानुवर्षं हलू नयेत. त्याने ती गादी खिडकीखाली मांडली, चारही कोपऱ्यांशी फरशीवर खिळ्याने खुणा कोरल्या, आणि खुणेला खूण लावून बसला.

त्या दिवशी तिला बरं वाटलं होतं. हे तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

त्याच्या कष्टाला नाव ठेवायला जागा नव्हती. सोंग करणारे पुष्कळ असतात. हा त्यातला नव्हता. पहाटे गार पाण्याने अंघोळ करून बसायचा. कामावरून आल्यावर, हाडं खिळखिळी झालेली असली तरी, पुन्हा बसायचा. नाकावर माशी बसली तरी पापणी लवायची नाही. तंबाखू सोडली. चहा सोडला. मग शिव्या सोडल्या, आणि हे तिला सगळ्यात अवघड वाटलं होतं, कारण ओतशाळेत शिव्यांशिवाय माणसाला हाक मारता येत नाही. ताटं भिंतीवर जायची थांबली. पोरगी खाटेखालून बाहेर आली. एक दिवस जिन्यावर चप्पल वाजली तेव्हा आपण जबडा बघायला विसरलो, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

पण खोलीतला आवाजही गेला. तसा नियम कुणी केला नव्हता, पण सगळे पाळायचे. तो बसला की कुकर लावायचा नाही. नळाला चिंधी बांधायची, म्हणजे पाणी चिंधीवरून उतरतं आणि थेंब वाजत नाही. पोरगी जिन्यावर बसून अभ्यास करायची. शेजारची बाई दारात येऊन कुजबुजायची, "बसलेत?"

"बसलेत."

"रोज बसतात, अंडं काही दिसत नाही."

"हळू बोला."

"अगं, कोंबडीसुद्धा अधूनमधून उठून दाणे टिपते."

ती तोंडावर पदर धरून हसायची आणि हसता हसता खोकला यायचा. मग ती पळत जिन्यावर जायची आणि तिथे खोकून घ्यायची. पुढे जिन्यापर्यंत पोचेपर्यंत दम राहीना. मग ती खोकला गिळायला शिकली. जीभ टाळूला घट्ट लावायची, नाकातून अगदी बारीक श्वास घ्यायचा, छातीत कळ येते तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही, आणि ती ओसरली की तितकाच बारीक सोडायचा. छाती फुटेल असं वाटतं, पण फुटत नाही. नवऱ्याला मास्तरांनी श्वास रोखायला शिकवलं होतं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तो खिडकीकडे तोंड करून श्वास रोखून बसायचा आणि ती कपाटामागे श्वास रोखून पडायची, आणि दोघांपैकी एकाचीच साधना गल्लीत माहीत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिची छाती ऐकली, मग पाठीलाही नळी लावली.

"कापसाचं काम सोडा. आणि झोपता कुठे?"

"शेगडीजवळ."

"तिथे नको. घरात खिडकी असेल ना? तिच्याखाली झोपा. तुम्हाला गोळ्यांइतकीच हवेची गरज आहे."

"खिडकीखाली जागा नाही."

"काय आहे तिथे?"

"माणूस बसतो."

"मग उठवा त्याला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तिने घरी येऊन सांगितलं. तो जेवत होता. त्याने घास खाली ठेवला.

"दुसरं काहीही सांग."

"दुसरं काही नको मला. खाट तिकडे घ्या, तुम्ही इकडे बसा. बसायला काय, कुठेही बसता येतं."

"अगं, तसं नसतं ते. रस ओतताना पेटी सरकवतात का? इतकी वर्षं ओततोय मी. आता जागा हलवली तर सगळंच भंगार."

"आणि मी?"

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तिला पुढे बोलता आलं असतं.

"मी नाही म्हणतोय असं नाही," तो म्हणाला. "हे माझ्या हातात नाही. आसन हलता कामा नये, असं सांगितलंय मला."

दुसऱ्या दिवसापासून त्याने तिच्यासाठी जे जे करता येईल ते केलं. संध्याकाळचा स्वयंपाक अंगावर घेतला. टेबलफॅन आणला, त्याने खोलीतली तीच हवा आणि तीच धूळ गोलगोल फिरवली. गरम तेल लावून तिची पाठ चोळली. तिच्या औषधाची वेळ कधी चुकू दिली नाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, असा नवरा मिळायला नशीब लागतं. खरंच होतं ते. त्याने सगळं केलं, फक्त सरकला नाही.

एकदा तो कामावर असताना तिने हिंमत केली. छोटी गादी उचलून कपाटावर ठेवली, खिडकीखाली सतरंजी टाकली आणि आडवी झाली. वारा चेहऱ्यावर आला. छातीत काहीतरी सैल झालं, गाठ सुटावी तसं. तिला झोप लागली, आणि ती इतकी गाढ की जिन्यावरची चप्पल तिला ऐकू आली नाही.

जाग आली तेव्हा तो दाराबाहेर पायरीवर बसलेला होता, पाठमोरा. तिने घाईघाईने सतरंजी गुंडाळली. तो आत आला. बादली घेऊन त्याने ती फरशी धुतली, कोरडी पुसली, गादी पुन्हा खुणेला खूण लावून मांडली आणि बसला. रोजच्यापेक्षा फार जास्त वेळ बसला. उठल्यावर ताटाकडे बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशीही जेवला नाही, तसाच भट्टीवर गेला.

"जेवा की," ती म्हणाली. "चूक माझी, उपास तुम्ही कशाला करता?"

"तुझी कसली चूक? माझीच राखण कमी पडली."

आधीचा असता तर ताट फेकून मोकळा झाला असता, तिच्या मनात आलं. फरशी पुसली की संपलं. हे पुसता येईना. ती पुन्हा त्या जागेवर पडली नाही.

पोरगी मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. तिचा कारखाना आधीच सुटला होता, आता तोही ओतशाळेतून रिटायर झाला आणि दिवसभर घरी असू लागला. ती खाटेवरून फारशी उठेनाशी झाली. दोन शब्दांच्या मध्ये थांबून श्वास घ्यावा लागायचा. पोरगी रविवारी यायची आणि दारातच तिची तळपायाची आग मस्तकात जायची.

"बाबा, आईकडे बघा. ओठ निळे पडलेत तिचे."

"बघतोय. औषध दिलंय."

"औषध नको. जागा द्या. एवढीशी तर सरकायचीय."

"तू यात पडू नको. तुला कळायचं नाही."

"मला एवढंच कळतं, आसन तुमचं नाही राहिलं. तुम्ही आसनाचे झालात."

त्याने डोळे मिटून घेतले. पोरगी आईजवळ येऊन बसली, तिचा हात हातात घेतला.

"जाऊ दे," आई म्हणाली. "त्या आसनाने... घर सावरलं. तुला ताटं आठवत नाहीत."

"आठवतात," पोरगी म्हणाली. "ताट निदान चुकवता तरी येत होतं."

मास्तर मधल्या काळात मुलाकडे राहायला गेले होते. कुठल्यातरी कामाला ते परत आले, आणि जुन्या माणसांना भेटत फिरता फिरता एका दुपारी यांच्या दारात उभे राहिले. फार म्हातारे झाले होते. जिना चढून धाप लागलेली, अंगात स्वेटर बहुधा तोच. नवऱ्याने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, डोळे भरून आले त्याचे. कपाटाजवळची खुर्ची ओढून दिली.

मास्तर बसले आणि रुमालाने मान पुसू लागले. तेवढ्यात त्यांना खाट दिसली.

"वहिनी आजारी आहेत?"

"छातीचं आहे," नवरा म्हणाला. "दमा."

"मग या कोंदटात कशाला ठेवलंय? इथे मलाच गुदमरतंय. खिडकी आहे की तिकडे."

"तिकडे आसन आहे, मास्तर."

मास्तरांनी खिडकीकडे बघितलं. छोटी गादी, तिच्यावर पांढरं धुतलेलं फडकं.

"असेल. ते घे इकडे."

नवरा जागचा हलला नाही. मग हळूच, शाळेतल्या पोराने पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं म्हणाला, "तुम्ही सांगितलं होतं, आसन हलता कामा नये. पहिल्या दिवसापासून केसभरही हलवलेलं नाही. खुणा बघा तुम्ही."

मास्तर कष्टाने उठले, खिडकीशी गेले. वाकून फरशीवरच्या खुणा बघितल्या. बोटाने एक खूण चाचपली. मग कंबर धरून सरळ झाले.

"अरे, तू डुलायचास," ते म्हणाले.

"काय?"

"डुलायचास तू. बसलास की इकडून तिकडे. पाठ दुखायची ना तुझी. म्हणून म्हटलं असेन, आसन हलता कामा नये. म्हणजे अंग, पाठीचा कणा. सगळ्यांनाच सांगायचो मी ते. जागेचं काय आहे त्यात? मी गेली किती वर्षं मुलाच्या घरी पलंगावर बसतो, नातू शेजारी उड्या मारत असतो."

खोलीत नळाची चिंधी तेवढी हलत होती.

"मला विचारायचंस तरी," मास्तर म्हणाले.

"तुम्हीच म्हणाला होतात, विचारायचं नाही. करत राहायचं."

मास्तर खुर्चीकडे परत गेले नाहीत, उभेच राहिले.

खाटेवरून आवाज आला. आधी दोघांना वाटलं, खोकला आहे. पण ती हसत होती. तोंडावर पदर नव्हता. हसू छातीत अडकलं, त्याचा खोकला झाला, आणि तिने तो गिळला नाही. किती दिवसांचा साठलेला सगळा बाहेर येऊ दिला. नवरा पाणी घेऊन धावला. तिने भांडं हाताने बाजूला सारलं.

"म्हणजे... डुलत होतात... म्हणून," ती म्हणाली. तेवढं बोलायला तिला बराच वेळ लागला.

मास्तर गेल्यावर त्याने कपाट ओढलं, खाट बाहेर काढली आणि खिडकीखाली नेऊन लावली. खाटेचा एक पाय बरोबर त्याने कोरलेल्या खुणेवर आला. त्याने खाट जराशी सरकवली, मग तशीच राहू दिली. तिला उचलून तिथे झोपवलं. उशी उंच केली. छोटी गादी घेऊन तो खोलीच्या मध्ये उभा राहिला, ती कुठे ठेवायची ते त्याला समजेना.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. खिडकीखाली झोपवलंय हे ऐकून म्हणाल्या, "चांगलं केलंत. आता फरक फारसा पडणार नाही, पण आराम वाटेल." त्या हे अगदी साधेपणाने म्हणाल्या.

आराम वाटत होता. वारा यायचा. आणि रस्ता दिसायचा. हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, चाकं टांगलेली. त्याच्या वरच्या गच्चीत एक म्हातारी कपडे वाळत घालायची आणि प्रत्येक कपडा दोनदा झटकायची. शाळा सुटली की पोरं भिंतीवर हात घासत जायची. संध्याकाळी उजेड आधी दुकानाच्या पाटीवर यायचा, मग चाकांवर, मग जायचा. इतकी वर्षं तो या खिडकीसमोर बसला होता, आणि डोळे मिटून बसला होता. खिडकी त्याने अडवली, पण ती वापरली कुणीच नाही.

"हवा येते ना?" तो रोज विचारायचा.

"येते."

छोटी गादी शेवटी कपाटामागच्या बेचक्यात गेली, जिथे आधी खाट होती. दुसरी जागा उरलीच नव्हती. त्या संध्याकाळी त्याने शेगडीवर भाजी टाकली, आच बारीक केली, आणि भाजी शिजेस्तोवर बसायचं म्हणून तिथे जाऊन बसला. पाठ ताठ केली. डोळे मिटले. तेल तापल्याचा धूर सरळ बेचक्यात शिरला. ती खिडकीकडे तोंड करून पडली होती, तिला दिसत नव्हतं, पण सगळं ऐकू येत होतं. त्याचा श्वास आधी लांब होता, मग आखूड झाला, मग अडकला. गादी फरशीवर घासल्याचा आवाज आला. मग पुन्हा. तो सरकत होता, जरा इकडे, जरा तिकडे. त्याने घसा खाकरला. मग खोकला आला, तो दाबायला बघत होता, आणि तो काही केल्या दबेना.

जीभ टाळूला लावायची, नाकातून बारीक श्वास घ्यायचा, कळेकडे लक्ष द्यायचं नाही. एवढं सांगायला फार दम लागला नसता.

तिने सांगितलं नाही. समोरची म्हातारी वाळलेले कपडे काढत होती. काढतानाही प्रत्येक कपडा ती दोनदा झटकत होती.